लेकराची रातपाळी

"पोर रडलं म्हणून तांब्या फेकतोय! आरं, तांब्या फेकून पोरं गप बसली असती, तर तांबटाच्या घरात कुणी रडलंच नसतं!"

गोजाबाई नळावर घागर लावून बोलत होती आणि सगळी चाळ कान देऊन ऐकत होती. ज्याच्याबद्दल बोलत होती तो तिचा एकुलता एक लेक जोतीराम. तो खोलीच्या उंबऱ्यात सदऱ्याची बटणं लावत, मान खाली घालून उभा होता. गिरणीचा पहिला भोंगा होऊन गेला होता, आणि आईचा भोंगा त्याहून मोठा होता.

तक्रार खोटी नव्हती. जोतीरामाचा सिदू नुकता पालथा पडायला लागला होता. हिरड्या शिवशिवत होत्या, तोंडातून लाळ गळत होती. दिवसा पोर हसायचं, पण दिवा बारीक करून माणसांनी पाठ टेकली की त्याचं सुरू! दूध प्यायचं, डोळा लागायचा, पुन्हा उठायचं. जोतीरामाची बायको वच्छला त्याला खांद्यावर टाकून त्या हातभर खोलीत येरझाऱ्या घालायची. जोतीराम गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवणारा माणूस. दिवसभर उभं राहून पाय भरलेले आणि खडखडाटानं कान किटलेले. सुटल्यावर पानाच्या दुकानावर बसायचा आणि उशिरा पाठ टेकायचा. झोप मोडली की त्याच्या अंगात काय शिरायचं कोण जाणे! ताट लाथाडायचा, तांब्या भिंतीवर मारायचा. भिंतीचे पोपडे निघाले होते आणि तांब्याचं पोट आत गेलं होतं. पण त्याच्या आणि वच्छलाच्या मधे गोजाबाईचं अंथरूण असायचं, आणि ते ओलांडून हात टाकायची त्याची छाती नव्हती.

गोजाबाई म्हणजे काही ऐरीगैरी बाई नव्हे. मंद्रूपची शेतकऱ्याची सून. दुष्काळात नवऱ्यामागं सोलापूरला आली. नवरा गेल्यावर गिरणीत रिळं भरली, लेक वाढवला, लेक उजवली, आणि कुणापुढं पदर पसरला नाही. त्याचा तिला ताठा होता, आणि का नसावा? फुकट मिळालेला नव्हता तो!

तर असं चाललेलं असताना मंद्रूपहून सांगावा आला की तिची लेक तानाबाई बाळंत होणार, आईनं यावं. गोजाबाईनं गाठोडं बांधलं. निघताना तिची नजर खुंटीवर गेली. तिथं यंत्राच्या जाड चामडी पट्ट्याचा एक लांब तुकडा लोंबत होता. वस्तऱ्याला धार लावायला म्हणून जोतीरामानं तो गिरणीतून आणला होता.

"जोत्या," ती म्हणाली, "तांब्या भिंतीला मारलास, मी गप बसले. मी न्हाय म्हणून बायकूवर हात टाकलास तर बघ. भिंतीला पाट असती, पर डोळं नसत्यात. बायकूला डोळं असत्यात."

"न्हाय गं आये," जोतीराम म्हणाला. पण म्हणताना त्यानं आईकडं पाहिलं नाही.

लेकीचं बाळंतपण उरकून गोजाबाई महिन्याभरानं परत आली ती दुपार कलता कलता, नव्या शेंगांचं गाठोडं डोक्यावर घेऊन. चाळीच्या तोंडाशीच काशम्मा भेटली. ही शेजारच्या खोलीतली विणकराची बायको, तेलुगू घरातली. मराठी आपल्या ढंगानं बोलायची.

"गोजक्का, तुझा नातू लई गुणाचं झाला की! कालचं एक रात सोडलं तर आवाज न्हाय, बिवाज न्हाय. आमी सगळे कसं गाढ झोपतो!"

गोजाबाईची मान वर झाली. "व्हनारच की! नातू कुणाचा हाय?" असं म्हणत ती खोलीत शिरली.

सिदू झोळीत होता. डोळे अर्धे मिटलेले, अर्धे उघडे. आजीनं वाकून हाक मारली. एरवी हा गडी आजीच्या चंचीची दोरी दिसली की दोन्ही हातांनी झेपावायचा. पान-सुपारी सांडवायचा नि शिव्या खाऊन खिदळायचा. आज चंची नाकापुढं हलवली तरी त्याची नजर तिच्यावर ठरेना. गालांचं मांस उतरलं होतं. पोट मात्र नगाऱ्यासारखं तट्ट झालं होतं.

"वच्छे, पोराला झालं काय?"

"कायबी न्हाय, आत्याबाई. आता झोपतंय नीट." वच्छला चुलीकडं तोंड करून बोलली. फुंकणी घ्यायला वाकली तेव्हा चोळी वर सरकली आणि गोजाबाईला तिची पाठ दिसली.

पाठीवर पट्टे उमटले होते. निळे, काळे, आणि त्यांतला एक ताजा, लालबुंद, कडेला कातडी सोललेला. वळाची रुंदी पाहिली आणि गोजाबाईचे डोळे आपोआप खुंटीवर गेले.

"हे काय हाय?"

"नळावर पाय घसरला."

"नळावर घसरलेली बाई पाटीवर पट्टा घिऊन उटती व्हय गं?"

वच्छलानं चोळी खाली ओढली आणि ती चूल फुंकायला लागली.

संध्याकाळी जोतीराम आला आणि त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं. गोजाबाई दचकली. पण रक्त त्याचं नव्हतं. साच्यापाशी उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला होता. तेवढ्यात आडवं सूत नेणारा टोकदार धोटा साच्यातून सुटला, बंदुकीच्या गोळीसारखा उडाला आणि शेजारच्या साच्यावरच्या चनमल्लप्पाच्या कपाळात बसला. भिवई फाटून हाड दिसलं. चनमल्लप्पा खाली कोसळला, आणि जोतीरामानंच त्याला उचलून नेलं. बसप्पा जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की पुन्हा डुलकी घेतलीस तर गिरणीचं दार बंद.

"ह्याच्यापायी!" जोतीराम झोळीकडं बोट करून ओरडला. "काल रातीबी उटलं हे! दुसऱ्याचा डोळा गेला असता आज! आज जर ह्यानं आवाज काडला, तर मी कुणालाच सोडणार न्हाय!"

त्यानं जेवणाचं ताट असं ढकललं की भाकरी चुलीच्या राखेत गेली. गोजाबाईनं ती उचलली, झटकली आणि पुन्हा ताटात ठेवली.

"खा. राखंसकट खा. म्हंजे आन्न कुटं टाकायचं ते ध्येनात ऱ्हाईल. मी काशम्माला शेंगा दिऊन येते. आल्यावर तुज्याशी बोलायचं हाय. हिच्या पाटीबद्दल."

ती गेली आणि आली, तेवढ्या वेळात त्या घरात काय झालं ते आता ऐका.

वच्छलाच्या कनवटीला एक पुडी होती. गिरणीतल्या बाया कामावर जाताना पोरांना जी बाळगोळी चारतात, तीच. मोहरीएवढी काळी गोळी, आणि तिच्यात अफू. मार सोसवेना म्हणून वच्छलानं ती रोज दिवेलागणीला द्यायला सुरुवात केली होती. थोडे दिवस पोर मढ्यासारखं झोपलं आणि चाळ म्हणाली, गुणाचं! पण अफू ती अफू, आज एक पुरते तर उद्या पुरत नाही. काल एका गोळीला सिदू बधला नाही, जागा झाला, आणि तिच्या पाठीवर तो ताजा वळ उठला. म्हणून आज तिनं दोन गोळ्या दुधात उगाळून पाजल्या आणि ती भांडी घासायला बाहेर गेली.

आणि जोतीराम? त्याच्या खिशातही पुडी होती! धोट्याच्या प्रकारानंतर खात्यातल्या एका सोबत्यानं त्याला ती दिली होती. बायकोला द्यायला सांगावं, तर मग ती आईला सांगणार. आणि बाप्या माणसानं आपल्या हातानं पोराला चाटण चाटवलं हे कुणी पाहिलं तर हसणार! चोरासारखा तो झोळीपाशी गेला, बोटाला गूळ लावला, त्यावर गोळी चिकटवली नि पोराच्या तोंडात बोट घालून आत टाळूला चोळली.

आई भ्याली बापाला, बाप भ्याला हसण्याला. दोघांच्या भीतीचं माप त्या एवढ्याशा जिवाच्या पोटात गेलं!

गोजाबाई परतली ती तेलाची वाटी कोमट करूनच बसली. नातवाला चोळावं, पोट उतरेल, मग लेकाची हजेरी घ्यावी, असा तिचा बेत होता. तिनं सिदूला झोळीतून काढलं. मान लुळी पडली. हात उचलला, सोडला, तो तसाच खाली आला. श्वास आला, मग नाही, नाही, आणि मग पुन्हा एक आला. नखं जांभळी.

"वच्छे!" तिनं फोडलेली किंकाळी चाळीच्या टोकाला गेली. "काय चारलंस पोराला?"

वच्छला धावत आली आणि पोराला पाहून मटकन बसली. "गोळी... दोन... आत्याबाई, मला मारू नका... उटलं तर हे मला मारत्यात..."

"दोन?" जोतीराम पुढं आला. "तू दोन दिल्या? मग मी... मी पन एक दिली की!"

गोजाबाईनं लेकाच्या मुस्काटात अशी दिली, की तो भिंतीवर, त्याच पोपडे गेलेल्या भिंतीवर जाऊन आपटला.

"टांगा आन! पळ!"

दवाखान्यातल्या डॉक्टरानं जास्त बोलणं केलं नाही. सिदूच्या घशातून नळी घालून पोट धुतलं, सुई टोचली, त्याचे डोळे उघडून दिव्यापाशी धरले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"मला करता येतं ते केलं," तो म्हणाला. "आता औषध एकच. ह्याला झोपू द्यायचं नाही. तळपायांवर मारा, गार पाण्याचा हात फिरवा, काहीही करा, पण रडवा. रडलं तर श्वास घेईल. निजलं तर संपलं."

ऐकलंत? ज्या घराला पोर निजायला हवं होतं, त्या घराला आता पोर जागं ठेवायचं होतं!

दवाखान्याच्या ओसरीवर तिघं बसली. वच्छलानं पोराच्या तळपायावर टिचकी मारली आणि स्वतःच रडायला लागली. तिचा हात पुन्हा उठेना. गोजाबाईनं तिच्या मांडीवरून पोर उचललं आणि जोतीरामापुढं धरलं.

"ह्योच मारंल. ह्याचा हात तयार झालाय."

"आये..."

"मार!"

"आये, एवढंसं पाऊल हाय गं..."

"आनि तिची पाट काय जात्याचा दगूड हाय? मार म्हन्ते ना! रडतंय म्हणून मारत हुतास, आता रडंना म्हणून मार! जोरानं! रडलं पायजे त्ये!"

जोतीरामानं हात उगारला. फट्! पाऊल लाल झालं. सिदूनं नुसता ओठ मुडपला. फट्! पुन्हा. पोराची मान कलंडली तसा जोतीराम उठला, पोराला खांद्यावर टाकून ओसरीत फिरायला लागला. वच्छला खोलीत जशी फिरायची, तस्साच. फिरायचा, तळपायावर मारायचा, तोंडावर पाणी शिंपडायचा नि पुन्हा फिरायचा. त्याच्या तोंडून काय निघत होतं त्याचं त्यालाच भान नव्हतं.

"रड रं सिदू! रड रं माज्या राजा! गळा फाडून रड! मी काय म्हननार न्हाय, कुनाला काय म्हननार न्हाय! रड रं बाबा!"

बायांनो, बाप्यांनो! ज्या रडण्यापायी त्यानं बायकोची पाठ सोलली, तेच रडणं तो आता भीक मागितल्यासारखं मागत होता!

उजाडायला लागलं. दूर गिरणीचा भोंगा वाजला आणि त्या भोंग्याबरोबर सिदूनं तोंड वासलं. आधी नुसती कण्हती कुरकुर, मग टॅहां, आणि मग अशी आरोळी की आतली दुखणाईत माणसं अंथरुणात उठून बसली. जोतीराम खाली बसला, पोर छातीशी धरून हुंदके द्यायला लागला. गोजाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि भोंग्याच्या दिशेनं बघत म्हणाली, "वाज मेल्या! आज आमचा भोंगा तुज्याहून मोटा हाय!"

सिदू चांगला अंगावर प्यायला लागल्यावर डॉक्टरानं घरी न्यायची परवानगी दिली. पण दवाखान्याच्या पायरीवर वच्छला थांबली.

"मी यायची न्हाय, आत्याबाई. मी अक्कलकोटाला माज्या आईकडं जाते. गोळी मी दिली, माजा गुन्हा. पर ज्या घरात त्यो पट्टा हाय, त्या घरात माज्या हातून पुन्ना गोळीच दिली जाईल."

सासूपुढं कधी तोंड न उघडलेली सून बोलली, आणि गोजाबाईनं तिला गप केलं नाही. उलट आपलं चंचीसकट बोचकं उचललं.

"चल. मीबी येते. ऱ्हाऊ दे ह्याला त्या पट्ट्यासंगं सुकानं. रातचं कुनी उटवनार न्हाय. गाड झोप म्हनावं."

"आये, मी काय मुद्दाम केलं का?" जोतीराम कळवळून म्हणाला. "चनमल्लप्पाचं कपाळ फुटलं ते बघितलं न्हाईस तू. झोपंबिगर साचा चालवायचा कसा? उद्या माजाच हात पट्ट्यात गेला तर खानार काय सगळी?"

आता बघा, हा प्रश्न काही खोटा नव्हता. गोजाबाईनंही तो झिडकारला नाही. पायरीवरच बसली आणि त्याला समोर बसवलं.

"झोप पायजे, खरं हाय. मग मला सांग, बायकूला मारल्यावर तुला झोप लागत हुती?"

जोतीरामानं नाही म्हणून मान हलवली.

"पोर उटलं की तुजी झोप मोडती घडीभर. मग तू उटतोस, वरडतोस, हानतोस. पोर भेदरतं, दुप्पट रडतं. तिचं दूद आटतं, पोर उपाशी ऱ्हातं, पुन्ना उटतं. तुजी झोप पोरानं खाल्ली का तुज्या रागानं, इचार कर की! आरं, पोराचं पोट केवडं? त्याच्याच मुटीएवडं. त्येच्यात रातभराचं दूद मावंल कसं? तुजं पोट रांजनाएवडं हाय, तरी पाटंला उटून भाकर मागतोस. तुला कुनी पट्ट्यानं हानलं का?"

"न्हाय."

"मंद्रूपला जुंधळा हुरड्यात आला की रातभर राकन करावी लागती. तुजा बाप आन् चुलता पाळी लावायचे. एक माळ्यावर, एक घोंगड्यात. जुंधळा राकावा लागतो म्हणून कुनी जुंधळ्याला बडवल्यालं मी बगितलं न्हाय! गिरनीत तरी काय हाय? दिसपाळी हाय, रातपाळी हाय. एकच मानूस दिसरात साच्यावर हुबा केला तर धोटा उडनारच. आनि ही तुजी बायकू? दिसभर घर, रातभर पोर, वर तुजा मार! हिला पाळी बदलून कुनी दिली? धोटा तुज्या साच्याचा नंतर उडला, जोत्या. घरातला पयला उडला."

जोतीराम उठून वच्छलापुढं आला. "चुकलं" एवढा एकच शब्द त्याला काढता आला. वच्छला पायरी उतरली, घराकडं वळली, पण पोर त्याच्याकडं दिलं नाही. आणि बरोबरच केलं तिनं! वळ उमटायला घटका लागत नाही, उतरायला दिवस लागतात.

घरी पोचल्यावर जोतीरामानं पहिल्यांदा खुंटीवरचा पट्टा काढला आणि चुलीकडं निघाला.

"थांब," गोजाबाई म्हणाली. "चांगलं चामडं जाळतोस कशाला? आन हिकडं."

वरच्या आढ्याला झोळीची जुनी, विरलेली दोरी बांधलेली होती, ती तिनं सोडायला लावली. त्या जागी लेकाकडूनच तो पट्टा आवळून घेतला आणि त्याला झोळी टांगली. वच्छलानं हातानं दोनदा ओढून पाहिली, भार पेलतो की नाही ते. मग तिनं सिदूला आत ठेवलं.

दाराशी काशम्मा आणि आणखी चार बाया जमल्या होत्या. त्यांतल्या दोघींच्या कनवटीला पुड्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून मायबापहो, हे नीट ध्यानात धरा. रात्री उठणारं पोर वाईट नसतं आणि गप पडलेलं पोर गुणाचं नसतं. पोर उठतं भुकेनं, दातानं, पोटातल्या वायूनं, नाहीतर नुसतं आई जवळ आहे का हे बघायला. गोळीनं त्यातलं एकही दुखणं जात नाही, फक्त सांगणाऱ्याचं तोंड बंद होतं. आणि ज्या घरात बापाचा हात उठतो, त्या घरात आईचा हात पुडीकडं जातो. पुडी फेकायची असेल तर आधी तो हात खाली घ्या!

सिदूनं झोळीत डोळे उघडले, इकडं तिकडं पाहिलं आणि भोकाड पसरलं. वच्छला उठायला लागली तशी गोजाबाईनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

जोतीराम दाराशी जमलेल्या बायांकडं बघून चुळबुळला. "आये, ह्या समद्या हसतील. बाप्या मानसानं झोळी हलवायची?"

गोजाबाईनं पट्ट्याचं खाली लोंबणारं टोक उचललं, लेकाच्या हातात दिलं आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"हसू देत. ह्याच पट्ट्यानं तिची पाट फुटली तवा कुनी हसलं न्हवतं, आन् कुनी आडवं बी आलं न्हवतं. जोत्या, मी तुला बाप्या म्हणून वाडवला ते साचा हाकायला, बायकू हाकायला न्हाय. आता दिवा लागला की तू निजायचं, पानाच्या दुकानावर बसायचं न्हाय. रातचा पयला पहार माजा. मदला वच्छीचा, दूद तिच्यापाशी हाय म्हणून. आन् पाटंचा तुजा, पार भोंगा हुईस्तवर. पोर रडंल, तू उटशील. ह्या हातानं झोळीच हलंल, दुसरं काय हलनार न्हाय. जवर जिती हाय तवर ह्या घरची जॉबर मी हाय, आन् माज्या खात्यात डुलकी घेतली तर दार बंद! लाग कामाला."